पाहुण्या सिंहाचा डावा गाल

मित्रांनो, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी माझ्यासारखं यंत्र कधी पाहिलंही नसेल, म्हणून आधी ओळख करून देतो. मी स्लाइड प्रोजेक्टर. जुना, जड आणि तापट. दिवा लागला की थोड्याच वेळात माझ्या पाठीवर पापड भाजता येईल, इतका मी तापतो. म्हणून माझ्या पोटात एक पंखा बसवलेला आहे. तो सारखा घरघरतो आणि समोर बसलेल्यांना वाटतं की मी कुरकुरतोय. कधी कधी मी कुरकुरत असतोही!

माझ्या डोक्यावर एक गोल ट्रे बसतो. त्याला कडेनं खाचा असतात आणि एकेका खाचेत एकेक स्लाइड. स्लाइड म्हणजे पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवलेला, आरपार दिसणारा इवलासा फोटो. बटण दाबलं की खट्ट करून ती माझ्या पोटात उतरते आणि समोरच्या पडद्यावर तोच फोटो भिंतीएवढा होऊन उभा राहतो. आता एक गोष्ट नीट ऐकून ठेवा, कारण पुढची सगळी कथा तिच्यावर उभी आहे. स्लाइड खाचेत ठेवायची ती डोकं खाली, पाय वर अशी. तरच ती पडद्यावर सरळ दिसते. हे चुकलं तर माणसं डोक्यावर उभी दिसतात, सगळे हसतात आणि चूक तिथल्या तिथे सापडते. पण स्लाइडची पुढची बाजू मागे गेली, तर चित्र सरळच दिसतं, फक्त त्यातलं डावं ते उजवं होतं. ही चूक कोणाच्या बापालाही कळत नाही.

माझा जन्म न्यूयॉर्क राज्यातल्या एका कारखान्यातला. पण मी वाढलो मिशिगनमध्ये, ॲन आर्बरच्या सबनीसांच्या घरात. हेमचंद्र सबनीस मोटारींच्या कंपनीत इंजिनियर होते. साठच्या दशकात इकडे आलेली ही मंडळी. बायको वसुधा, आणि सुलेखा नावाची एकुलती एक मुलगी. हेमचंद्ररावांनी मला हौसेनं घरी आणलं आणि पहिल्याच रविवारी माझ्या सगळ्या स्क्रूंची तपासणी केली. माणूस नीटनेटका. तळघरात पडदा टांगला, समोर खुर्च्या मांडल्या, आणि त्या दिवसापासून घरी जेवायला येईल त्याला श्रीखंडानंतर नायगारा दाखवायचा, असा आमच्या घरचा रिवाज पडला. नायगारा पुढून, नायगारा मागून, नायगारासमोर वसुधाबाई, रेनकोटमधल्या वसुधाबाई. पोट भरलेले पाहुणे अंधारात हळूच डुलक्या काढायचे. हेमचंद्ररावांना ते दिसत नसे. मला दिसायचं, पण मी कशाला सांगतोय?

मग आमच्या घरात सिंह आले. ही ऐंशी सालानंतरची गोष्ट. सुलेखा विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकत होती. डॉक्टरेटसाठी तिनं विषय घेतला तो रानातल्या सिंहांचा. टांझानियातल्या गवताळ मैदानात जीप घेऊन जायचं, सिंहांच्या कळपामागे दिवसदिवस फिरायचं आणि कोण कोणाबरोबर राहतो, कोण कोणाला हाकलतो, हे बघायचं. पहिल्या मोसमाहून ती परत आली ती उन्हानं रापून, केस कापून, आणि स्लाइडचे डबेच्या डबे घेऊन. विद्यापीठातला प्रोजेक्टर स्लाइड अडकवायचा, म्हणून ती सगळं माझ्यावरच बघायची. काय सांगू, मित्रांनो! इतकी वर्षं नायगाराचं पाणी ओतून ओतून मी कंटाळलो होतो. पहिला सिंह पोटात उतरला तेव्हा मला माझ्या जन्माचं सार्थक झाल्यासारखं वाटलं.

वसुधाबाई तिच्याशेजारी गवार निवडत बसायच्या आणि सुलेखा त्यांना सांगायची. सिंहांच्या कळपात घर बायकांचं असतं. आया, मावश्या, बहिणी जन्मभर एकत्र राहतात. मुलगे जरा मोठे झाले, मानेवर आयाळ फुटू लागली, की त्यांना घराबाहेर काढतात. मग ते तरणे सिंह टोळी करून भटकतात, उपाशी राहतात, मार खातात. एकटा पडला तो बहुधा मरतो. दोघं-तिघं मिळून राहिले तर ते पुढे दुसऱ्या एखाद्या कळपातल्या जुन्या नरांना हुसकावून त्यांची जागा घेतात. तिच्या टोळीत असे तिघं होते. दोघं सख्खे भाऊ. तिसरा मात्र भलत्याच कळपातला, वाटेत भेटलेला. सुलेखानं त्यांना नंबर दिले होते. वसुधाबाईंनी नावं दिली, थोरला, धाकटा आणि पाहुणा.

पाहुणा परका आहे, हेच सुलेखाच्या अभ्यासातलं महत्त्वाचं होतं. परक्याला भावासारखं धरून राहणारे सिंह! पण हे सिद्ध कशानं करायचं? तर सिंहाच्या गालावर, मिशा उगवतात तिथे, काळ्या ठिपक्यांच्या ओळी असतात. वरच्या ओळीतले ठिपके प्रत्येक सिंहाचे निराळे, डाव्या गालाचे निराळे, उजव्याचे निराळे, आणि ते जन्मभर बदलत नाहीत. पाहुणा बछडा असतानाचा त्याचा एक जुना फोटो विद्यापीठात होता, दूरच्या एका कळपात काढलेला. त्यात त्याचा डावा गाल दिसत होता. सुलेखानं मोठ्या पाहुण्याचा डावा गाल पकडला आणि दोन्ही जुळवले. डावं-उजवं चुकू नये म्हणून ती प्रत्येक स्लाइडच्या चौकटीवर कोपऱ्यात लाल ठिपका द्यायची. ट्रे भरला की सगळे ठिपके एका बाजूला, एका रेषेत दिसायला हवेत. एकही रेषेबाहेर दिसला तर ती स्लाइड उलटी.

हेमचंद्ररावांना मात्र हे सिंहप्रकरण झेपत नव्हतं. त्यांच्या मित्रांची मुलं मेडिकलला होती, नाहीतर कंप्युटरमध्ये. कोणी विचारलं तर ते म्हणत, ‘‘सुलेखा बायॉलॉजीत रिसर्च करते.’’ एवढं बोलून विषय बदलत. समोरच्याला वाटे की औषधं शोधत असेल. ते तसंच वाटू देत. लेकीवर जीव होता, नव्हता असं नाही. ती जीपमध्ये एकटी असते या काळजीनं ते झोपत नसत. पण चारचौघांत तिच्या कामाचं नाव काढताना त्यांची जीभ अडखळायची. हे मी जवळून पाहिलंय, म्हणून सांगतो.

त्र्याऐंशी सालच्या दिवाळीत गावातल्या मराठी मंडळाचा फराळ आमच्या तळघरात ठरला. ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडहून डॉक्टर मालिनीबाई कॉन्फरन्ससाठी डेट्रॉइटला आल्या होत्या, त्यांनाही बोलावलं होतं. त्यांचा मुलगा शैलेंद्र इंजिनियर, लग्नाचा. हेमचंद्रराव आणि वसुधाबाई यांच्यात त्याच्याबद्दल कुजबूज झालेली होती. सुलेखाला त्याचा पत्ता नव्हता. तिला त्या शनिवारी विद्यापीठात प्रॅक्टिकल घ्यायची होती, फराळाला येणं जमणार नव्हतं. पण ‘लेकीचे सिंह दाखवा की’ असा मंडळींनी धोशा लावला होता, म्हणून शुक्रवारी ती भरलेला ट्रे घरी ठेवून गेली. सोमवारी तिचं भाषण होतं. ते झालं की तिच्या गाइड बाई आणि इतर प्राध्यापक बसून ठरवणार होते, की तिला दुसऱ्या मोसमाला पाठवायचं की नाही. जाताना ती दोनदा बजावून गेली, की स्लाइड फक्त दाखवा, हलवू नका.

शनिवारी सकाळी हेमचंद्ररावांनी एकट्यानं बसून ट्रे बघितला. आधी छान चाललं होतं. मग एका नव्या कळपात जुन्या नरांची जागा घेतलेले ते तिघं आले. मित्रांनो, रानाचा कायदा कडक असतो. नवे सिंह जुन्या सिंहांची लहान पिल्लं मारतात. पाहुण्याच्या तोंडाला रक्त होतं, जबड्यात बछडं होतं, आणि नेमका तोच त्याच्या डाव्या गालाचा सगळ्यात स्पष्ट फोटो होता. पुढे सिंह-सिंहिणींच्या मीलनाचे फोटो. एक नाही, दोन नाही, ओळीनं! सुलेखाला ते मोजायचे होते, ती लाजणार कशाला? हेमचंद्ररावांचा चेहरा मात्र माझ्या उजेडात लालबुंद झालेला मी पाहिला. हे मालिनीबाईंसमोर दाखवायचं? मुलीनं हे असलं दुर्बिणीतून बघत बसायचं आणि आपण ते व्याह्यांना दाखवायचं?

त्यांनी एकेक स्लाइड उपसून काढली आणि सदऱ्याच्या खिशात टाकली.

फराळ झोकात झाला. चकल्या कुरकुरीत, लाडू बेताचे गोड. आणि माझ्यावर सिंह दाखवले गेले ते कसे? पाणी पिणारे सिंह, झोपलेले सिंह, झाडाखाली पंजा चाटणारे सिंह. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. मालिनीबाई म्हणाल्या, सिंह म्हणजे घरच्या मांजरांसारखेच दिसतात की. हेमचंद्रराव खूश होऊन हसले. मीही त्या टाळ्या घेतल्या, ही माझी लाज. खाचा रिकाम्या होत्या, पडदा मध्येमध्ये नुसता पांढरा होत होता, आणि प्रत्येक पांढऱ्या चौकोनाला हेमचंद्रराव ‘ही जरा खराब आलीय’ असं म्हणत पुढचं बटण दाबत होते.

पाहुणे निघू लागले. वर वसुधाबाई डब्यांतून उरलेला फराळ भरून देत होत्या आणि हाका मारत होत्या, मालिनीबाईंना सोडायला गाडी काढा म्हणून. हेमचंद्ररावांनी खिशातल्या स्लाइड घाईनं परत खाचांत घातल्या. जागा त्यांना बरोबर आठवत होत्या, इंजिनियरच ते. डोकं खाली, पाय वर, हेही बरोबर. पण पुढची बाजू कुठली, हे त्यांनी पाहिलं नाही. त्या लाल ठिपक्यांचा अर्थ त्यांना ठाऊक नव्हता आणि नायगाऱ्याला डावं-उजवं नसतं. खिशातली प्रत्येक स्लाइड उलट बाजूनं आत गेली. मला ते समजत होतं. पण खट्ट करण्यापलीकडे मला बोलता कुठे येतं?

रविवारी सुलेखा न्यायला आली. ट्रेच्या डब्याला हात लावत तिनं सहज विचारलं, ‘‘बाबा, स्लाइड्सना हात नाही ना लावलात?’’

‘‘नाही गं,’’ हेमचंद्रराव म्हणाले.

लावला म्हटलं असतं तर का लावला तेही सांगावं लागलं असतं, एवढंच कारण. सगळं जिथल्या तिथे ठेवलंय, मग बोलायचं कशाला, असा त्यांनी हिशेब केला असणार. सुलेखानं डबा उघडून ठिपक्यांची रेष बघितली असती तर तिथेच कळलं असतं. पण बापानं नाही म्हटल्यावर मुलगी कशाला बघेल? तिनं डबा काखेत मारला, मला हातात उचललं आणि निघाली.

सोमवारी हेमचंद्ररावांनी अर्ध्या दिवसाची रजा काढली. कोट-टाय लावून ते हॉलमध्ये मागच्या रांगेत येऊन बसले. हॉल विद्यार्थ्यांनी, प्राध्यापकांनी भरलेला. सुलेखा छान बोलत होती. मग तिनं पडद्यावर बछड्याचा डावा गाल दाखवला आणि म्हणाली, आता हाच गाल मोठेपणीचा बघा. खट्ट. पाहुणा आला, तोंडात बछडं घेऊन. पण गाल उजवीकडचा! ठिपके जुळेनात. सुलेखा पडद्याजवळ जाऊन ठिपके बघू लागली. मग तिच्या लक्षात आलं. माफ करा, स्लाइड उलटी पडलीय, असं म्हणून तिनं सगळ्यांसमोर ती काढून नीट घातली. काही जण हसले. पुढे गेली, तर आणखी एक उलटी. ती नीट केली. मग तिसरी. आता कोणी हसलं नाही.

पांढऱ्या दाढीचे एक प्राध्यापक उठले. माणूस वाईट नव्हता, आवाजही चढवला नाही. त्यांनी शांतपणे विचारलं, की आज इथे इतक्या स्लाइड उलट्या निघतात, तर ज्या दिवशी तू हे गाल जुळवलेस, त्या दिवशी किती उलट्या होत्या, हे आम्ही कसं समजायचं? सुलेखा म्हणाली, मी प्रत्येकीवर खूण करते, शुक्रवारी सगळ्या बरोबर होत्या. मग मध्ये कोणी हाताळल्या का, असं त्यांनी विचारलं. सुलेखानं मागच्या रांगेकडे पाहिलंसुद्धा नाही. तिच्या मनात ते आलंच नाही.

‘‘नाही. माझीच चूक झाली असणार,’’ ती म्हणाली.

हेमचंद्रराव उठले नाहीत. मी समोरून बघत होतो, कारण माझा उजेड पडद्यावर पडला की थोडा मागेही येतो. त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले होते. उठा की हो, मी मनात म्हणत होतो, पंख्यानं घरघर करत होतो. ते जागचे हलले नाहीत. उरलेल्या स्लाइड न दाखवताच भाषण कसंबसं संपलं. गाइड बाई सुलेखाला बाजूला घेऊन म्हणाल्या, की सगळी ओळख पहिल्यापासून तपासून घ्यावी लागेल, या मोसमाला जाणं कठीण दिसतंय. दुपारी बैठकीत ठरेल. सुलेखा ‘हो’ म्हणाली. वर्ष थांबायचं म्हणजे काय, हे तिला पक्कं ठाऊक होतं. भटके नर ते, पुढच्या वर्षी कोण जाणे कुठे असतील. तिघांचा माग एकदा सुटला की सुटला.

तिनं ट्रे तसाच माझ्या डोक्यावर ठेवला आणि वडिलांना म्हणाली, की बाबा, हे सगळं घरी घेऊन जा, मला आता बघवत नाही. हेमचंद्ररावांनी मला गाडीत शेजारच्या सीटवर ठेवलं. किल्ली फिरवली नाही.  मग त्यांनी ट्रेवरचं झाकण काढलं, डोळ्यांजवळ धरून बघितलं आणि ठिपक्यांची ती तुटलेली रेष त्यांना पहिल्यांदा दिसली. मोटारींचे गिअर जुळवण्यात जन्म गेलेला माणूस, त्याला आता कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. ‘‘अरे देवा,’’ एवढंच ते म्हणाले. मला उचललं आणि परत आत गेले.

बैठकीची खोली लहान होती. लांब टेबल, भोवती प्राध्यापक, आणि दाराजवळच्या खुर्चीत सुलेखा. हेमचंद्ररावांनी मला टेबलावर ठेवलं. ते इंग्रजीत बोलले, त्यांच्या त्या जपून जोडलेल्या इंग्रजीत. चूक मुलीची नाही, माझी आहे, असं सांगितलं. घरी पाहुणे होते, म्हणून मी काही स्लाइड काढल्या आणि चुकीच्या घातल्या. काल तिनं विचारलं तेव्हा खोटं बोललो. आज हॉलमध्येही गप्प बसलो.

दाढीवाले प्राध्यापक म्हणाले, की वडिलांनी मुलीसाठी पुढे होणं आम्ही समजू शकतो, पण. त्या ‘पण’चा अर्थ हेमचंद्ररावांना समजला. त्यांचा चेहरा उतरला. मग त्यांनी सांगितलं, की तुम्ही ट्रेकडे बघू नका, आधी मी काढलेल्या स्लाइड आठवून सांगतो, नंतर तुम्ही प्रत्येक तपासा. मी सांगेन तेवढ्याच उलट्या निघतील, नाहीतर मी खोटा.

आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. लहानपणी आईला श्लोक म्हणून दाखवतानाही ते इतके हळू बोलले नसतील. सिंहाच्या तोंडात पिल्लू. मेलेलं पिल्लू, जवळून. मग सिंह आणि सिंहीण. एकत्र. पुन्हा सिंह आणि सिंहीण, दुसऱ्या बाजूनं. पुन्हा तेच, सिंह मानेला धरून. कपाळावर घाम आला होता, टाय सैल करायचंही सुचत नव्हतं. कोणीतरी विचारलं, नेमक्या याच का काढल्या? तेव्हा ते म्हणाले, की आलेल्या बाईंच्या मुलाशी माझ्या मुलीचं लग्न जुळवायचं मनात होतं. त्यांच्यासमोर मला लाज वाटली. हे त्यांनी सुलेखाकडे न बघता सांगितलं. लग्नाची गोष्ट तिला तिथे, त्या टेबलाजवळ, प्राध्यापकांच्या देखत पहिल्यांदा कळली.

दाढीवाल्यांनी ट्रे पुढे ओढला. एकेक स्लाइड उजेडात धरली. भाषणात सुलेखानं सुधारलेल्या तीन सोडल्या, तर हेमचंद्ररावांनी सांगितलेली प्रत्येक उलटी होती. न सांगितलेली एकही उलटी नव्हती. सुलेखानं दिलेला लाल ठिपका मात्र प्रत्येक चौकटीवर योग्य कोपऱ्यातच होता. त्यांनी ट्रेवर झाकण लावलं आणि सुलेखाला म्हणाले, तुझ्या खुणा चोख आहेत. गाइड बाई म्हणाल्या, मग ती ठरल्याप्रमाणे जानेवारीत जाईल.

म्हणजे सगळं सुरळीत झालं, असं तुम्हाला वाटेल. मलाही क्षणभर तसंच वाटलं, मी मूर्ख! गाडीपाशी सुलेखानं मला डिकीत ठेवलं. ट्रे मात्र स्वतःच्या हातात ठेवला. मग ती म्हणाली, ‘‘बाबा, लाज कशाची वाटली? लायन्सची की माझी?’’

दुसऱ्या कोणी काहीतरी गोड बोलून वेळ मारून नेली असती. त्या दिवशी हेमचंद्ररावांकडे खोटं शिल्लक राहिलं नव्हतं.

‘‘तुझी,’’ ते म्हणाले.

सुलेखानं मान हलवली आणि ट्रे घेऊन परत विद्यापीठाकडे चालू लागली. ती रागावून काही बोलली असती तर बरं झालं असतं. हेमचंद्रराव डिकी उघडीच ठेवून तिच्याकडे बघत उभे होते.

जानेवारीत ती गेली. पत्रं येत, ती आईच्या नावानं. खाली ‘बाबांना नमस्कार’ असे. स्लाइड आता घरी येत नव्हत्या, सरळ विद्यापीठात जात. मित्रांनो, माझे ते दिवस फार वाईट गेले. हेमचंद्ररावांनी नायगारा परत कधी काढला नाही. मंडळातलं कोणी सिंहांचं विचारलं तर ते खरं सांगत, की सुलेखा सिंहांवर काम करते, रानात राहते, फार अवघड काम आहे, आणि स्लाइड तिच्याकडेच आहेत. एकदा शुगर लँडहून मालिनीबाईंचा फोन आला. वसुधाबाईंनी बोलण्याच्या ओघात त्यांना सगळी हकिगत सांगून टाकली होती. मालिनीबाईंनी हेमचंद्ररावांना फोनवर बोलावून घेतलं. त्या म्हणाल्या, ‘‘अहो, मी जन्मभर बाळंतपणं केली. आणि तुम्ही माझ्यापासून सिंहिणीचा संसार झाकून ठेवलात?’’ फोन ठेवल्यावर हेमचंद्रराव तळघरात येऊन माझ्याशेजारी बसले. ज्या बाईसाठी एवढं केलं, तिला त्याची गरजच नव्हती. तोवर मला कोणी साधं पुसलंही नव्हतं, पण त्यांनी त्या दिवशी रुमालानं माझी काच पुसली.

सुलेखा आणखी एकदा येऊन गेली, परत गेली, आणि शहाऐंशीच्या वसंतात काम पुरं करून घरी आली. थोरला, धाकटा आणि पाहुणा अजून एकत्र होते, आता त्यांची स्वतःची पिल्लं होती. प्रबंधाचं शेवटचं भाषण आलं. त्या सकाळी ती जेवणाच्या टेबलाशी आली, स्लाइडचे डबे उघडले आणि सगळ्या स्लाइड तिनं टेबलावर ओतल्या. शेजारी रिकामा ट्रे ठेवला. म्हणाली, क्रम चौकटीवर लिहिलाय, बाबा, तुम्ही भरा, मी आंघोळीला जाते. हेमचंद्ररावांच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. 

मग ते बसले. एकेक स्लाइड खिडकीकडे धरून बघत, ठिपका बघत, पुन्हा बघत, खाचेत ठेवत. त्यात पिल्लं मारणारे सिंह होते, सिंह-सिंहिणी होत्या, सगळं होतं. त्यांनी एकही वगळली नाही. वसुधाबाई पोह्यांची बशी ठेवून गेल्या, ती गार झाली.

सुलेखा ओल्या केसांनी बाहेर आली. तिनं ट्रेवर झाकण लावलं. हेमचंद्रराव घाईनं म्हणाले, की अगं, एकदा तपासून घे, माझा काय भरवसा. तिनं झाकण उघडलं नाही.

‘‘सगळ्यांना हात लावलात ना?’’ तिनं विचारलं.

‘‘लावला,’’ ते म्हणाले.

‘‘मग झालं,’’ ती म्हणाली आणि ट्रे काखेत घेऊन निघाली. हेमचंद्ररावांनी मला उचललं, पण दारापर्यंत जाऊन त्यांना थांबावं लागलं, कारण डोळ्यांपुढचं दिसेना.

आता माझा दिवा गेला आहे आणि तसला दिवा बाजारात मिळत नाही. मी कपाटात बसून असतो. माझी काळजी घ्या, धूळ पुसा, असं मी तुम्हाला सांगणार नाही, माझं व्हायचं ते होऊन गेलं. पण मित्रांनो, आपल्या माणसाचं काम चारचौघांत दाखवायची वेळ आली, तर त्यातलं लाजेनं काही काढून ठेवू नका. आणि कधी काढलंच, तर विचारल्यावर पहिल्याच वेळी सांगा. पहिल्या वेळी एकालाच सांगायचं असतं. नंतर सांगायला गेलात, तर सगळी खोली ऐकत असते.